परगावी आलेल्याचं ताट

माळकरी माणसाची परगावी पहिली पंचाईत होते ती जेवणाची. पथारी कुठंही टाकता येते. पण कालवण कशाचं आहे आणि ते कोणत्या भांड्यात शिजलं, हे विचारल्याशिवाय त्याला ताटावर बसता येत नाही. आमच्या घरात आजोबांपासून तुळशीची माळ. आम्ही अहमदपूर तालुक्यातले कुणबी. भावकीतल्या निम्म्या घरांत मटण व्हायचं, आमच्या घरात होत नव्हतं, एवढाच काय तो फरक. शाकाहार म्हटलं की लगेच जात डोळ्यांपुढं आणणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. मराठवाड्यात शाकाहार अनेक वाटांनी आला. वारकऱ्यांच्या माळेनं तो शेतकऱ्यांच्या घरात आणला, बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांनी पाळला, मारवाडी आणि जैन पेढ्यांबरोबर तो बाजारपेठांत आला, ब्राह्मणांच्या सोवळ्यात होताच, आणि विसाव्या शतकात आर्य समाजानं त्याचा प्रचारही केला.

मी १९७३ साली शिकायला नांदेडला गेलो आणि नंतर नोकरीचं सगळं आयुष्य लातुरात काढलं. विषय इतिहास. निजाम, रझाकार, मुक्तिसंग्राम, सनावळ्या, तह, सगळं शिकवलं. या दोन गावांत परका माणूस उतरला तर तो जेवायचा कुठं, हा धडा मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. निवृत्तीनंतर त्याचा माग काढत बसलो. म्हाताऱ्या माणसांना विचारलं, जुन्या बाजारात फिरलो, आणि शेवटी तीन चुली हाती लागल्या. एक गुरूची, एक गंजाची आणि एक बाईची.

यातली सगळ्यांत जुनी चूल नांदेडची. औरंगजेबानंतर दिल्लीच्या गादीवर आलेला बहादूरशहा आपल्या भावावर, कामबक्षावर चालून दक्षिणेत निघाला. त्याच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंग १७०८ साली गोदावरीच्या काठी आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचं इथं देहावसान झालं. जाण्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडं सोपवलं, म्हणून शिखांच्या पाच तख्तांपैकी एक नांदेडला आहे. आज दिसणारा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. साधारण त्याच सुमारास हैदराबादचा कारभार महाराजा चंदूलालाच्या हाती होता आणि त्यानं पंजाबातले शीख शिपाई निजामाच्या चाकरीत आणले. त्यातली कितीतरी घरं पुढं दक्षिणेतच रुजली. नांदेडच्या जुन्या वस्तीत अस्खलित मराठी बोलणारी शीख माणसं भेटतात, ती काही कालपरवा आलेली नाहीत.

गुरुद्वारा म्हटला की लंगर आला. गुरू नानकांपासूनची ही रीत: सगळ्यांनी एका ओळीत जमिनीवर बसायचं, जे शिजलं ते सगळ्यांना सारखं वाढायचं. लंगरात रोजचं जेवण डाळ, रोटी, भाजी, कधी खीर असं असतं. आत येणाऱ्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, पैसे तर नाहीतच. निजामाच्या राज्यात, जिथं विहिरीवर आणि हॉटेलात माणसाची आधी जात पाहिली जायची, तिथं अशी पंगत रोज बसत होती. इतिहासकारांनी या गोष्टीकडं अजून नीट पाहिलेलं नाही असं माझं मत आहे.

मला नांदेडला पोचवायला वडील आले होते. लोह्यावरून येणाऱ्या एसटीतून उतरलो तेव्हा दुपार टळली होती. बरोबरची शिदोरी वाटेतच संपली होती. कोणीतरी गुरुद्वाऱ्याचं नाव सांगितलं. वडिलांना शंका: “आरं, ते पंजाबी लोक. त्यांच्यात मटण चालतंय म्हणं.” दारातल्या सेवादारानं ऐकलं असावं. तो मराठीतच म्हणाला, “बाबा, लंगरात तसलं काही नसतंय. बिनधास्त बसा.” वडिलांच्या डोक्याला पटका होताच. माझं डोकं उघडं, म्हणून मला बांधायला रुमाल दिला. रोटी वाढायला आली की दोन्ही हात पसरून घ्यायची, हे शेजारच्याचं बघून शिकलो. वडील प्रत्येक रोटी कपाळाला लावत होते. आमच्याकडं गव्हाची पोळी सणाला व्हायची, आणि आदलं वर्ष १९७२ चं. त्या दुष्काळात गव्हाचं नाव कोण काढतंय? रोजगाराच्या कामावर सुकडी आणि घरी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, यावर आम्ही वर्ष काढलं होतं. बाहेर आल्यावर वडील इतकंच म्हणाले, “हितं तू उपाशी मरत न्हाईस.”

ते खरं ठरलं. महिनाअखेरीला घरून मनिऑर्डर यायला उशीर झाला की आम्ही मुलं लंगराची वाट धरायचो. माझ्या वेळी नांदेडला खोली करून राहिलेल्या खेड्यातल्या पोरांत लंगरात न जेवलेला पोरगा सापडणं अवघड होतं. पण एक होतं. रोज जायला आमची आम्हालाच लाज वाटायची. कोणी काही बोलत नसे, तरी वाटायची. लंगर अडीनडीला, रोजचं जेवण आपल्या पैशानं करायचं, हा आमचा हिशेब होता.

पुढं रेल्वेचे रूळ रुंद झाले आणि नव्वदच्या दशकात नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस सुरू झाली. या गाडीतले प्रवासी बरोबर ताट-वाटी बाळगतात, कारण वाटेतल्या स्टेशनांवर लोक डब्यापाशी येऊन जेवण वाढतात. २००८ मध्ये गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीला देश-परदेशातून लोक आले आणि गावाचे रस्ते, घाट, विमानतळ सगळं बदललं. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकून पडले. देशभरातली हॉटेलं बंद होती, लोक रस्त्यानं चालत होते, पण या यात्रेकरूंवर उपाशी राहायची वेळ आली नाही. एप्रिलअखेरीला ते गावी परत गेले. दोन-तीनशे वर्षांची सवय असलेली चूल अशा वेळी कामाला येते.

लातूरची गोष्ट वेगळी. तिथं गुरू नव्हता, बाजार होता. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. कुर्डुवाडीला ती मोठ्या लाइनला मिळायची आणि तिथून माल मुंबईला जायचा. तोवर लातूर हे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव होतं. गाडी आली आणि तूर, भुईमूग, कापूस, गूळ यांची पेठ वाढली. १९१७ साली गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत, त्यात जगदंबेचं देऊळ आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ही आखणी केली. एकेका रस्त्याला एकेक बाजार: सोनं, मिरची, गूळ, चपला, कापड. नव्या माणसाला गोलाईत दिशा कळत नाही, तो सोळापैकी कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडतो आणि फिरून तिथंच येतो.

या बाजाराचे मालक कोण? लिंगायत वाणी, मारवाडी, काही गुजराती. म्हणजे बहुतेक शाकाहारी. माल घेऊन येणारा शेतकरीही पुष्कळ वेळा माळकरी. त्यामुळं गंजाभोवती जी खाणावळ उगवली ती आपसूक शाकाहारी झाली. त्यासाठी पाटी लावायची गरजच नव्हती. शेतकरी बैलगाडी घेऊन आदल्या रात्री यायचा, अडत्याच्या ओसरीवर मुक्काम करायचा. भाकरी घरची बांधून आणलेली, कडक झालेली. त्याला हवं असायचं फक्त गरम कोरड्यास. जुने हमाल सांगतात, खाणावळीत भाकरी घरची न्यायची आणि नुसती आमटी विकत घ्यायची, अशी सोय होती. तुरीचं घट्ट वरण, वरून काळं तिखट घातलेलं, त्यात भाकरी चुरायची. लातूर तुरीच्या डाळीची मोठी पेठ. गिरणीतून निघालेली ताजी डाळ हाताशी असल्यावर वरण पातळ का करायचं? निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वेळी पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही. वरण, चिंच, कोथिंबीर. एका आमटीचं सगळं सामान एकाच जिल्ह्यातून सरकारदरबारी नोंदलं गेलं, याचं मला फार समाधान वाटलं.

लिंगायतांचा आणखी एक वारसा इथं आहे. बसवण्णांनी बाराव्या शतकात कायक आणि दासोह ही दोन तत्त्वं सांगितली: कष्ट करून मिळवायचं आणि मिळवलेल्यातून जंगमाला, अतिथीला जेवू घालायचं. त्यांची कर्मभूमी कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. या भागातल्या मठांत जेवणाची पंगत चुकत नाही. वारकऱ्यांकडं अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस कीर्तन आणि सात दिवस गावजेवण. खेड्यातून बदलीवर आलेला तलाठी किंवा मास्तर पहिली ओळख करून घ्यायचा ती अशा पंगतीत.

पण पंगत सणाची, खाणावळ बाजारच्या दिवसाची. रोज दोन वेळचं काय? हा प्रश्न शिक्षणानं उभा केला.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, शिकवण्याची भाषा उर्दू. मराठवाड्यात औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज, तेवढंच. ज्याचे नातेवाईक हैदराबादेत किंवा पुण्यात, तो शिकायचा. गावात राहून शिकणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांना वार लावून जेवायची रीत होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगाच्या मुलाला असं वार देणारं घर कुठलं? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांना एका स्वयंपाकघरात जेवू घातलं आणि ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. इकडं त्या तोडीचं काम झालं नाही. आर्य समाजानं उदगीर, लातूर, निलंगा या पट्ट्यात सहभोजनं घडवली, १९३८-३९ चा सत्याग्रह केला. लातूरच्या दयानंद कॉलेजच्या नावात ती आठवण शिल्लक आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं आणि कॉलेजं निघू लागली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६१ मध्ये लातूरला दयानंद, १९६३ मध्ये नांदेडला यशवंत महाविद्यालय, १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू. प्रत्येक कॉलेजबरोबर काही शे पोरं खेड्यातून शहरात उतरली. आई-बाप गावाकडं, वसतिगृहात जागा थोड्या, खोलीवर स्टोव्ह पेटवायला रॉकेल मिळत नाही. तिथून मेस सुरू झाली आणि ती चालवली बायकांनी.

या बायका कोण होत्या, हे मी जेवढं पाहिलं त्यावरून सांगतो. बहुतेक विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही दुष्काळात शेत गेलेल्या. बहात्तरनंतर खेड्यातून जी घरं शहरात आली, त्यांतल्या पुरुषाला हमाली, मिलमध्ये किंवा बांधकामावर काम मिळायचं. बाईला येत होतं ते एकच. स्वयंपाक. भांडवल म्हणजे एक परात, काटवट, तवा, दोन पातेली आणि उधारीवर आणलेली पोतंभर जवारी.

माझी मेस नांदेडला वजिराबादेतल्या एका बोळात होती. चालवणारी बाई कंधारकडची, आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचं भाकरी करणं मी रोज बघायचो, कारण गरम भाकरी हवी तर चुलीपुढं बसावं लागायचं. दुष्काळ ओसरला होता तरी जवारी महाग, म्हणून ती मिलो मिसळायची. मिलोच्या पिठाला विरी नसते. थापताना भाकरी कडेनं फाटते. मावशी पाणी उकळून पिठात ओतायची, लाकडाच्या उलथन्यानं कालवायची, हात भाजत असतानाच मळायची. काटवटीत थापून भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायची. पाणी सुकत आलं की उलटायची, मग तवा उतरवून भाकरी आरावर उभी करायची. ती टम्म फुगली की पापुद्रा सुटलाच. तांबूस रंगाची, पण फाटलेली नाही. तिच्या हातून फाटलेली भाकरी पोराच्या ताटात कधी आली नाही. फाटली तर ती तिची.

दुसरी आठवण तिच्या वहीची. मेसचा सगळा हिशेब खाड्यावर चालतो. महिन्याचे पैसे ठरलेले. ज्या वेळी जेवणार नाही त्याचा खाडा आदल्या दिवशी सांगायचा, म्हणजे तेवढे वजा. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रत्येक पोराला एक पान, पानावर रोजचे दोन रकाने, सकाळ आणि संध्याकाळ. रकाने आखून द्यायला कोणी तरी सिनिअर पोरगा, फुल्या मारायला मावशी. नाव वाचता येत नाही म्हणून तिनं प्रत्येक पानावर आपली खूण काढली होती. चष्मेवाल्याला दोन गोल, लंगडत चालणाऱ्याला काठी, मला बारीक ठिपक्यांची माळ. हिशेबात ती पैशाची चूक करत नसे. परीक्षेच्या महिन्यात मात्र काही पोरांच्या पानावर जेवण दिसायचं नाही आणि पोरं जेवलेली असायची. ते तिनं कधी कुणाला विचारू दिलं नाही.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा एक वर्गमित्र बौद्ध होता. त्याचा आजा पंढरीचा माळकरी, चोखोबांच्या परंपरेतला, घरात मटण वर्ज्य. म्हणजे शाकाहाराच्या कसोटीवर तो आणि मी सारखेच. आम्ही दोघं एका खाणावळीत गेलो. पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असं ठळक लिहिलेलं. काही दिवसांनी त्याचं आडनाव कळलं आणि त्याचं ताट वेगळ्या कोपऱ्यात राहू लागलं, धुवायलाही त्यालाच लावलं. त्यानं ती खाणावळ सोडली, मीही सोडली. तो समाजकल्याणच्या वसतिगृहात गेला, पण रविवारी आम्ही दोघं लंगरात जायचो. पुढं १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात दलितांची घरं जळली, माणसं मारली गेली. तेव्हा मला ती पाटी आठवली. ‘शाकाहारी’ या शब्दाआडून जात विचारायची खोड आपल्याकडं जुनी आहे आणि खोल्या भाड्यानं देताना ती आजही निघते. ज्याला खरंच शाकाहार पाळायचा आहे त्यानं भांडं वेगळं असावं असा आग्रह जरूर धरावा. माणूस वेगळा बसवायचा आग्रह मात्र शाकाहाराचा नसतो.

लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झालं आणि त्याच दशकापासून ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द ऐकू येऊ लागले. शाहू आणि दयानंद कॉलेजची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत येऊ लागली, मग मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत. सगळ्या मराठवाड्यातून, नंतर विदर्भातून, सोलापूरकडून पोरं यायला लागली. ट्यूशन एरिया नावाची अख्खी वस्तीच तयार झाली. नांदेडलाही श्यामनगर, भाग्यनगर भागात तसंच झालं. मुली मोठ्या संख्येनं आल्या आणि मुलींना गल्लीत जेवायला पाठवायला पालक तयार नव्हते, म्हणून घरपोच डबा वाढला.

या टप्प्यावर मेस चालवणारी बाई बदलली. आता कित्येक घरांत मुलाबरोबर आईच लातूरला येऊन राहते. बाप गावाकडं शेत सांभाळतो, आई दोन खोल्या घेऊन मुलाचं जेवणखाण बघते. शेजारच्या खोलीतल्या पोराचे हाल बघून ती त्याचाही डबा करते. मग त्याच्या मित्राचा. वर्षभरात तिची मेस झालेली असते. मुलगा बारावी होऊन निघून जातो, काही बायका मात्र मेस चालवत तिथंच राहतात. ताटही बदललं. जवारीची भाकरी जाऊन चपाती आली, करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल जाऊन सोयाबीनचं आलं, कारण शेतातच सोयाबीन आलं. जवारी गव्हापेक्षा महाग झाली, त्यामुळं आता मेसमध्ये भाकरी मागितली तर पैसे वेगळे द्यावे लागतात. सकाळच्या नाष्ट्याला सुशीला, पोहे, नाही तर गाड्यावरचा निलंगा राईस.

संकटं आली तेव्हा हा धंदा कसा टिकला, तेही बघितलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. लातूर शहरात पोरं मैदानात झोपत होती आणि मेसवाल्या उघड्यावर चुली मांडून शिजवत होत्या. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. तोवर आमच्या गल्लीतल्या मेसनं स्टीलची ताटं उचलून ठेवली होती आणि पत्रावळ्या सुरू केल्या होत्या, ताटं धुण्याचं पाणी वाचावं म्हणून. पालेभाजी बंद, कारण ती चार पाण्यांत धुवावी लागते. डाळ, बटाटा, बेसन यावर दोन महिने निघाले. जेवण मात्र बंद झालं नाही.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. तिथं जेवणाऱ्यांत आमच्याकडून गेलेले हमाल पुष्कळ. तिकडच्या बायकांना संघटना मिळाली, कर्ज मिळालं, नाव मिळालं. इकडं नांदेड-लातूरच्या मेसवाल्या एकेकट्याच राहिल्या. बँकेच्या लेखी त्यांचा धंदा नाही, नगरपालिकेच्या लेखी दुकान नाही आणि गुणवंतांच्या सत्कारात त्यांची खुर्ची नाही.

नव्यानं येणाऱ्याला या वयात चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाटीवर जाऊ नका. स्वयंपाक करणारी स्वतः तेच जेवते का, ते बघा. वरण बोटाला चिकटलं पाहिजे. महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी चार दिवस रोखीनं जेवा. नांदेडला असाल तर एकदा लंगरात नुसतं जेवू नका, तासभर रोट्या लाटायला किंवा ताटं घासायला बसा. आणि लातुरात असाल तर येळवस चुकवू नका. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इथं शहर ओस पडतं. जिल्हा प्रशासन सुटी देतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोप करून तिच्यात चुना लावलेले पाच पांडव मांडतात. हरभरा, वाटाणा, तुरीचे कोवळे दाणे, वाल, मेथी, चिंचेचा कोळ आणि बेसन यांची भज्जी, मडक्यातली गार आंबील, जवारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी कुणाच्याही बांधावर उभं राहिलात तरी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. स्वतःचं शेत नसलेला भाडेकरू, बँकेत बदलून आलेला साहेब, मेसमधला पोरगा, सगळ्यांना आवतण असतं. शाकाहारी जेवण म्हणजे बटाटा आणि पनीर असं ज्याला वाटतं त्यानं भज्जी एकदा खाऊन बघावी.

या दोन गावांत शिकून डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार, मास्तर झालेले हजारो लोक आज जगभर आहेत. लातूर पॅटर्नचा इतिहास पुढं-मागं कोणी लिहील. त्यात कॉलेजं येतील, प्राचार्य येतील, निकालाचे आकडे येतील. त्या आकड्यांत भाकऱ्यांचा हिशेब धरला नाही तर तो इतिहास अर्धा राहील, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून वाचणाऱ्यांपैकी जे कोणी नांदेड-लातूरच्या मेसमध्ये जेवले असतील त्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडं एखादी पावती, कूपन, खाड्याची वही राहिली असेल तर टाकून देऊ नका. त्यावर गल्ली, साल, महिन्याचा दर आणि ताटात काय असायचं ते लिहा. ज्या बाईच्या हातचं जेवलात तिचं पूर्ण नाव आठवत असेल तर तेही लिहा आणि ते आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करा. आम्हा इतिहासवाल्यांना कागद लागतो, आणि या बायकांच्या बाबतीत तो फक्त तुमच्याकडंच आहे.